सुरुंग उडण्याआधी

अहल्या मोहितेनं रंगाच्या कारखान्यातली नोकरी सोडून डोंगर फोडायच्या कामावर जायचं ठरवलं, तेव्हा तिच्या सासूबाई निरुपमाबाई बरेच दिवस त्या विषयावर बोलल्याच नाहीत. मग एका सकाळी पोहे परतता परतता म्हणाल्या, "कारखान्यात होतीस तेव्हा निदान डोक्यावर छप्पर तरी होतं."

"आई, तिथला सगळा धोका छपराखालीच होता," अहल्या म्हणाली. "इथं पळायला मोकळी जागा तरी आहे."

सून चेष्टा करते आहे की खरं सांगते आहे, हे निरुपमाबाईंना कधीच नीट कळत नसे. त्यांनी झारा खाली ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "डबा मात्र घरचा ने."

बडोद्यात, कारेलीबागेतल्या त्यांच्या सोसायटीत अहल्येला सगळे ओळखत, पण ती नेमकं करते काय हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सेफ्टी ऑफिसर म्हणजे हेल्मेट घाला, बूट घाला म्हणून माणसांच्या मागे लागणारी बाई, अशी बहुतेकांची समजूत. तिचा नवरा उन्मेष घरीच बारावीच्या मुलांना गणित शिकवायचा. क्लासला येणारी पोरं जिन्याच्या तोंडाशी स्कूटर आडव्यातिडव्या लावत, आणि अहल्या घरी असली की त्या सरळ केल्याशिवाय कुणाची वर यायची टाप नव्हती. "आग लागली तर वरची म्हातारी माणसं उतरणार कुठून?" असं ती विचारी. पोरं मागे तिला 'फायर आंटी' म्हणत. ते तिच्या कानावर होतं, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

कारण ती होतीच फायरवाल्याची मुलगी. पाणीगेटच्या आतल्या एका गल्लीत तिचं माहेर, घाटग्यांचं घर. घाटग्यांचे पूर्वज संस्थानच्या पागेत घोडेस्वार होते. संस्थान गेलं, घोडे गेले, आणि घरातली माणसं मिळेल त्या कामाला लागली. तिचे वडील पिलाजीराव आगीच्या बंबावर लागले. कामावरून आले की त्यांच्या कपड्यांना धुराचा वास यायचा. किती माणसं वाचवली हे ते कधी सांगत नसत. सांगायचे ते दुसरंच. "आत कोणी आहे का असं विचारलं ना, की घरचा माणूस घाबरून 'कोणी नाही' म्हणतो," ते म्हणायचे. "तो खोटं बोलत नाही. त्याला तसं वाटत असतं. आपण मात्र दार उघडून बघायचं."

अहल्या हे ऐकत मोठी झाली. रसायनशास्त्रात पदवी घेतली, मग औद्योगिक सुरक्षेचा अभ्यासक्रम केला, आणि कारखान्यात बायका या खात्यात अभावानंच दिसत तेव्हा तिथं पाय रोवून उभी राहिली. आवाज चढवायची तिला सवय नव्हती. पण एकदा 'हे काम थांबवा' म्हटलं की ते पुन्हा सुरू कसं करायचं, हेही तीच बसून शोधायची. त्यामुळे थांबवलेली माणसं सहसा तिच्यावर फार काळ रागावलेली राहत नसत.

डोंगराचं काम होतं हालोलच्या पुढे. पावागढ मागे पडला की जांबुघोड्याच्या बाजूला टेकड्या सुरू होतात, त्यातल्या एका टेकडीची कूस कापून रस्ता रुंद करायचा होता. खडक असा टणक, की यंत्रांच्या चोचीला दाद देईना; सुरुंग लावण्यावाचून इलाज नव्हता. टेकडीच्या पायथ्याशी वांसफळी नावाचं राठवा आदिवासींचं गाव. काम सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते आणि एका स्फोटात उडालेला दगड गावातल्या एका घराची कौलं फोडून आत पडला. घरची सगळी माणसं शेतावर होती म्हणून निभावलं. त्यानंतर ठेकेदार कंपनीला जाग आली आणि सेफ्टी ऑफिसरची शोधाशोध सुरू झाली. दोघंतिघं जागा पाहून परत गेले. अहल्या राहिली.

ती रुजू झाली त्या दिवशी आधी साइटवर गेलीच नाही. ड्रायव्हरला म्हणाली, "ज्या घरात दगड पडला तिथं ने."

घरधन्यानं तो दगड अजून चुलीशेजारी ठेवला होता. नारळाएवढा असेल. छपराला नवी कौलं बसली होती, पण जमिनीवरच्या सारवणात पडलेला खळगा तसाच होता. अहल्या त्या खळग्याशी उकिडवी बसली. गुजरातीत तिनं घरधन्याला विचारलं, "भाई, स्फोटाआधी भोंगा वाजला होता ना?"

"वाजला होता, बेन."

"मग भोंगा म्हणजे काय, हे कुणी सांगितलं होतं?"

"आम्हाला वाटायचं, तुमच्या माणसांची जेवणाची सुट्टी झाली."

कंपनीनं नियमाप्रमाणे भोंगा बसवला होता, पाटी लावली होती, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं होतं त्यांच्यापाशी कुणी दोन शब्द बोललं नव्हतं.

पुढचे कितीतरी दिवस ती गावात घरोघर फिरत होती. महुडा, म्हणजे मोहाची फुलं, गळायचे दिवस होते. पहाटेपासून बायापोरं टोपल्या घेऊन टेकडीवर फुलं वेचायला जात, उन्हं चढली की परतत. म्हणजे सकाळी टेकडीवर कुठल्या झाडाखाली कोण वाकलेलं असेल याचा नेम नाही. स्फोटाची वेळ सकाळची होती. अहल्येनं ती दुपारी आणली. मग प्रोजेक्ट मॅनेजर विहंग शाहच्या कपाळाला आठ्या पडल्या.

विहंग हुशार होता, वाईट माणूस नव्हता, पण त्याला वरून रोज फोन यायचे. "अहल्याबेन, महुड्याची फुलं बघून आम्ही रस्ता बांधायचा?" त्यानं विचारलं.

"फुलं नाही, विहंगभाई. वेचणारी माणसं बघून."

साइटवर तिला खरी धास्ती होती ती धनाजीराव जगदाळ्यांची. सुरुंग लावणारे परवानाधारक ब्लास्टर तेच. हयात खडकात गेलेली, बोलणं मोजकं. तेही बडोद्याचेच, अकोट्यात राहणारे. आपल्या कामात ही बाई नाक खुपसणार म्हणून ते चिडतील, असं तिला वाटलं होतं. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "तो दगड गावापर्यंत गेला कसा?"

धनाजीरावांनी टाळाटाळ केली नाही. "सुरुंगाच्या भोकाच्या तोंडाशी माती नीट ठासली गेली नव्हती. घाई झाली. माझ्या देखत झालं ते."

"पुन्हा होऊ नये म्हणून काय करू या?"

इतकी वर्षं त्यांना लोक 'काम कधी संपेल' एवढंच विचारत आले होते. मग दोघं भर उन्हात खडकावर बसली. एका वेळी कमी भोकं उडवायची, गावाच्या बाजूला जुन्या टायरांच्या जाड चटया अंथरायच्या, त्यावर वाळूची पोती टाकायची, असं ठरलं. त्या दिवसापासून ते तिला 'मॅडम'ऐवजी 'ताई' म्हणू लागले. त्यांचा एक रिवाज होता. सुरुंग उडून, त्यातला एकही न फुटता राहिलेला नाही याची स्वतः फिरून खात्री केल्याशिवाय ते अन्नाला शिवत नसत. देवाधर्माचं काही नव्हतं त्यात. "भरल्या पोटी माणूस सुस्तावतो," असं त्यांचं म्हणणं.

गावात फिरतानाच अहल्येला मंगीबेन भेटली.

टेकडीच्या पलीकडच्या अंगाला एक घळ होती. झाडझाडोरा दाट, खाली पाण्याचं डबकं, बाजूला पुढे आलेली दगडाची कपार. मंगीबेन रोज शेळ्या घेऊन तिथं जायची. साठीच्या पुढची, कृश, काटक बाई. अहल्येनं तिला दोनदा हाक मारली, तिनं मान वळवली नाही. शेजारची बाई म्हणाली, "तिला ऐकू येत नाही, बेन. जन्मापासून."

भोंगा, शिट्ट्या, माणसांचा आरडाओरडा, सगळी व्यवस्था कानांवर उभी होती. आणि स्फोटाच्या जागेच्या सगळ्यात जवळ शेळ्या चारणाऱ्या बाईला कानच नव्हते.

"मग स्फोट होतो ते हिला कळतं का?" तिनं विचारलं.

शेजारणीनं खुणांनी मंगीबेनला प्रश्न पोचवला. मंगीबेन हसली. तिनं अहल्येचा हात धरून खाली ओढला, तळवा जमिनीवर टेकवला आणि दुसऱ्या हातानं थरथर करून दाखवली. डोंगर हलतो, हे तिला पायांना कळत होतं. पण तो हलल्यावर.

तेव्हापासून टेकडीच्या माथ्यावर, घळीतून दिसेल असा मोठा लाल बावटा लावायची पद्धत पडली. बावटा दिसला की शेळ्या हाकून वर यायचं, हे मंगीबेननं एका दिवसात पकडलं. ती वर येई आणि साइटच्या फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीत अहल्येशेजारी बसून चहा घेई. दोघींचं बोलणं हातवाऱ्यांनी चाले. अहल्येला किती मुलं, नवरा काय करतो, केस इतके आखूड का, सगळं तिनं विचारून घेतलं होतं. घळीच्या तोंडाशी एक पहारेकरी असे. स्फोटाआधी त्यानं घळीत उतरून बघायचं, मगच हिरवा बावटा दाखवायचा, असा नियम होता.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. रोज संध्याकाळी अहल्या घरी जायची, उन्मेषच्या क्लासची पोरं जिना उतरत असायची, आणि पूर्वी, तिची मुलगी, विचारायची, "आई, पतलं का तुझं काम?" बाहेर गुजरातीत बोलून बोलून तिच्या मराठीत 'संपलं'चं 'पतलं' झालं होतं. "आजचं पतलं," अहल्या म्हणायची. सांगण्यासारखं काही नसायचं, आणि काही नसावं यासाठीच ती दिवसभर राबलेली असायची.

मग तो मोठ्या स्फोटाचा दिवस आला.

टेकडीचा शेवटचा अवघड भाग एकदाच उडवायचा होता. त्यासाठी चालू रस्ता दोन्ही बाजूंनी बंद केला होता. एस.टी. बस, ट्रक, लग्नाला निघालेल्या गाड्या, उन्हात रांगा लागल्या होत्या. धनाजीरावांनी सकाळपासून एकेक भोक स्वतः भरून घेतलं होतं. सगळ्यांचे मोबाइल फाटकावर जमा झाले. माथ्यावर लाल बावटा चढला. पहारेकरी आपापल्या जागी गेले. पहिला भोंगा झाला.

एकेका बाजूनं हिरवे बावटे दिसू लागले. शेवटी घळीच्या तोंडावरूनही दिसला. विहंगनं सुटकेचा निःश्वास सोडला. "चालो, अहल्याबेन. सगळं क्लिअर."

अहल्या पत्र्याच्या खोलीच्या दारात उभी होती. आत बाकडं रिकामं होतं.

"मंगीबेन आली नाही," ती म्हणाली.

"घरी गेली असेल. इतकी गर्दी आहे आज. आणि पहारेकऱ्यानं हिरवा दाखवलाय की."

"घळीवर आज कोण आहे?"

नेहमीचा माणूस बहिणीच्या लग्नासाठी रजेवर होता. त्याच्या जागी श्रीकृष्ण होता, एरवी भांडारात काम करणारा, चाळिशीचा, पापभीरू माणूस. अहल्येनं धनाजीरावांना हात वर करून थांबायची खूण केली आणि पहारेकऱ्यांसाठी ठेवलेला वॉकीटॉकी उचलला.

"श्रीकृष्णभाई, घळीत कोणी आहे?"

"कोणी नाही, मॅडम. क्लिअर."

"तुम्ही खाली उतरून बघितलंत, की हाका मारल्यात?"

श्रीकृष्ण म्हणाला, "हाका मारल्या, मॅडम. खूप जोरानं मारल्या. कोणी ओ दिली नाही."

अहल्येनं वॉकीटॉकी खाली ठेवला. "काम थांबवा," ती म्हणाली. "मी खाली जाते आहे."

विहंगचा चेहरा पडला. "अहल्याबेन, भोकं भरलेली आहेत. संध्याकाळ व्हायच्या आत उडवावी लागतील, अंधारात उडवता येत नाहीत, रात्रभर तशी ठेवता येत नाहीत. तिकडे बसमध्ये माणसं तापली आहेत. आणि ती बाई घरी असेल तर?"

"घरी असेल तर फारच छान. गावात एक माणूस पाठवा बघायला. मी घळीत बघते."

"भरलेल्या सुरुंगाखाली तुम्ही स्वतः जाणार?"

"मी लावलेल्या नियमावर ती बाई रोज विसंबते," अहल्या म्हणाली. "मग कोण जाणार?"

एवढ्यात धनाजीराव त्यांच्या पोलादी आडोशातून बाहेर आले. सुरुंग पेटवायची पेटी त्यांनी बंद केली होती आणि तिची किल्ली त्यांच्या हातात होती. त्या किल्लीवाचून एकही सुरुंग उडू शकत नव्हता. त्यांनी ती अहल्येच्या तळहातावर ठेवली.

"ताई, ही तुमच्याजवळ असू द्या," ते म्हणाले. "तुम्ही खाली आहात तोवर ती माझ्याकडे नको. कुणी कितीही ओरडलं तरी मग माझ्या हातात काही नाही."

अहल्येनं किल्ली मुठीत घट्ट धरली. भीती तिला वाटत होती. पण किल्लीच्या कडा तळव्याला रुतत होत्या आणि त्यानं पाय स्थिर पडत होते. घळीच्या तोंडाशी श्रीकृष्ण उभा होता, चेहरा पांढराफटक. त्याला आपली चूक उमगली होती. "मी येतो बरोबर," तो म्हणाला.

दोघं झाडोरा बाजूला सारत उतरली. डबक्याजवळ शेळ्या विखुरल्या होत्या. कपारीच्या आत, जिथून माथ्यावरचा बावटा दिसण्याची सोयच नव्हती, तिथं मंगीबेन बसली होती. तिच्यापुढे एक शेळी आडवी पडली होती. शेळी व्यायला आली होती आणि अडली होती. करडाचा एकच पाय बाहेर आलेला. मंगीबेनचे दोन्ही हात त्यात गुंतले होते.

सावली पडली तशी तिनं वर पाहिलं. अहल्येनं कमरेचा लाल बावटा काढून दाखवला, वर डोंगराकडे बोट केलं. मंगीबेनच्या डोळ्यांत भीती चमकून गेली. तिनं शेळीकडे बघितलं, अहल्येकडे बघितलं, आणि रक्तानं माखलेला एक हात सोडवून अहल्येला जायची खूण केली. तू जा. मी येते.

शेळीला उचलून वर न्यावं, तर त्या अवस्थेत ती वाटेतच मेली असती. आणि शेळीला टाकून मंगीबेन हलणार नव्हती. तिला ओढून नेणं दोघांना अवघड नव्हतं. अहल्येनं ते मनात आणलंही. मग तिनं मूठ उघडून किल्ली पाहिली. ती इथं होती तोवर वर काही घडणार नव्हतं. घळीच्या तळाशी वॉकीटॉकी मात्र लागत नव्हता.

"श्रीकृष्णभाई, वर जा," ती म्हणाली. "विहंगभाईंना सांगा, बाई सापडली, सुखरूप आहे. आम्हाला थोडा वेळ लागेल. आणि वर गेल्यावर पुन्हा कुणाला खाली येऊ देऊ नका."

तो गेला. अहल्येनं हेल्मेट सारखं केलं, गुडघ्यांवर बसली आणि शेळीचं डोकं मांडीवर घेतलं. दारूगोळ्यानं भरलेला डोंगर तिच्या पाठीशी होता. तिनं तिकडे एकदाही वळून बघितलं नाही. मंगीबेनची बोटं आत काहीतरी चाचपत होती, हळूच सरकवत होती. शेळी कण्हली, तिनं पाय झाडले. दुसरा पाय आला, मग नाकाडं, आणि मग एकदम ओलं, काळंभोर करडू मंगीबेनच्या ओटीत येऊन पडलं. मंगीबेननं त्याच्या तोंडातला चिकटा काढला, त्याला उलटं धरून थोपटलं. करडानं आवाज केला. तो मंगीबेनला ऐकू गेला नाही, पण करडाची छाती हलताना तिच्या हाताला कळली असावी, कारण ती हसली.

अहल्येनं करडू ओढणीत गुंडाळलं. मंगीबेननं शेळी खांद्यावर घेतली. त्या कृश अंगात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. बाकीच्या शेळ्या पुढे घालून दोघी वर आल्या.

वर विहंग नव्हता. श्रीकृष्णाचा निरोप मिळाल्यावर तो स्वतः रस्त्यावर गेला होता. बसमधल्या माणसांना पाणी वाटत होता आणि प्रत्येक गाडीपाशी थांबून सांगत होता, की खाली एक बाई अडकली आहे, ती वर आली की लगेच रस्ता मोकळा करतो. ते ऐकल्यावर कुरकुर करणारेही गप्प झाले होते. अहल्या दिसताच तो धावत आला. तिच्या हातातल्या करडाकडे त्यानं बघितलं. "सगळे ठीक?" त्यानं विचारलं.

"सगळे ठीक. पण पहिल्यापासून सगळं पुन्हा तपासायचं. प्रत्येक बाजू. डोळ्यांनी."

या वेळी विहंगनं वाद घातला नाही. घळीत तो श्रीकृष्णाला घेऊन स्वतः उतरला. सगळे परतल्यावर अहल्येनं माणसं मोजून घेतली आणि मगच किल्ली धनाजीरावांना दिली. भोंगा वाजला. मंगीबेननं दोन्ही तळवे जमिनीवर टेकवले. डोंगर आतून हुंकारल्यासारखा आवाज झाला, कड सावकाश झुकली आणि धुळीचा लोट उठला. चटयांनी काम चोख केलं होतं. गावाच्या दिशेनं एक खडा गेला नाही.

धूळ आणि धूर ओसरल्यावर धनाजीराव एकटे पुढे गेले, भोकं तपासून आले आणि अहल्येला बोलावून नेलं. घळीच्या बाजूला त्यांनी हात केला. कपार दिसत नव्हती. ती होती तिथं आता फत्तरांचा ढीग होता, काही तर बैलगाडीएवढे. मग धनाजीराव म्हणाले, "चला ताई, जेवून घेऊ."

त्याच दिवशी विहंगनं श्रीकृष्णाला घरी पाठवायचं ठरवलं. अहल्येनं त्याला अडवलं.

"त्याच्यामुळे बाई मेली असती," विहंग म्हणाला.

"हो. आणि मी विचारलं तेव्हा तो 'उतरून बघितलं' असंही म्हणू शकला असता. त्यानं खरं सांगितलं म्हणून आपण थांबलो. आज त्याला काढलं, तर उद्या कुणी खरं सांगणार नाही. भांडारातल्या माणसाला न शिकवता पहाऱ्यावर उभं केलं, ते आपण."

श्रीकृष्ण कामावर राहिला. पुढे तर नव्या पहारेकऱ्यांना शिकवायचं काम अहल्येनं त्याच्याकडेच दिलं. तो शिकवताना आपलीच गोष्ट सांगतो, कसली लपवाछपवी करत नाही, आणि ऐकणारे ती विसरत नाहीत.

त्या संध्याकाळी अहल्या घरी पोचली तेव्हा तिच्या ओढणीला शेळीचा वास येत होता. निरुपमाबाईंनी दारातच नाकाला पदर लावला. मग सुनेचा चेहरा बघून त्यांनी पदर काढला, तिला बसवलं, पाणी दिलं. अहल्येनं सगळं सांगितलं. उन्मेष आतल्या खोलीतल्या मुलांना आज लवकर सोडून आला आणि नुसता तिच्याशेजारी बसला. पूर्वीनं करडाचा रंग कोणता ते विचारलं. निरुपमाबाई म्हणाल्या, "तू सांगत होतीस की तिथं पळायला मोकळी जागा असते. आणि तू पळालीस ती डोंगराकडे."

"हो, आई," अहल्या म्हणाली.

"उद्या जाणार आहेस?"

"जाणार आहे."

"मग आता जेवून झोप," त्या म्हणाल्या आणि गरम गरम भात वाढायला उठल्या.

तो रस्ता आता पुरा झाला आहे. कापलेल्या टेकडीमधून बस सुसाट जातात, आणि खिडकीशी बसलेल्यांना तिथं काही घडलं होतं याचा पत्ता नसतो. साइट उठली, पत्र्याची खोलीही गेली. मध्यंतरी एका रविवारी अहल्या, उन्मेष आणि पूर्वी गाडी काढून वांसफळीला गेले होते. मंगीबेननं पूर्वीला दोन्ही खांदे धरून उभं केलं, नीट निरखलं, आणि आईपेक्षा ही उंच होणार असं हातानं दाखवलं. शेळीच्या दुधाचा चहा पाजल्याशिवाय तिनं कुणाला हलू दिलं नाही. उन्मेषनं तो नाक न मुरडता संपवला.

अहल्या सध्या दाहोदच्या बाजूला एका धरणाच्या कालव्यावर आहे. तिथंही खडक आहे, धनाजीराव आहेत, श्रीकृष्ण आहे. रुजू झाल्याच्या पहिल्या सकाळी तिथल्या इंजिनिअरनं तिच्यापुढे नकाशा पसरला आणि कुठून सुरुवात करायची ते विचारलं. अहल्येनं नकाशावरच्या वस्तीवर बोट ठेवलं. दुपारपर्यंत ती आणि श्रीकृष्ण तिथल्या एका अंगणात खाटेवर बसून, या घरात कुणाला ऐकू येत नाही, कुणाला दिसत नाही, कोण अंथरुणाला खिळून आहे, याची चौकशी करत होते.